पोराच्या हाती पुस्तक लागावं म्हणून : सोलापूरकर पालकांसाठी

‘आमचा पोरगा वाचतच नाही हो. एखादं चांगलं पुस्तक द्या.’ जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या गर्दीत नव्या पेठेतल्या दुकानात थोडा वेळ थांबलात तर हे वाक्य कानावर पडणारच. दुकानदार सवयीनं संस्कारकथा, इसापनीती आणि थोरांची चरित्रं असा गठ्ठा पुढं करतो. आई त्यातलं जरा जाड आणि जरा स्वस्त बघून निवडते. ज्याच्यासाठी हे चाललेलं असतं तो बाहेर गाडीवर बसून मोबाईल बघत असतो. पुस्तक घरी येतं, पहिल्या पानावर झोकात नाव पडतं आणि ते कपाटात जातं ते जातंच.

यात पुस्तकाचा दोष नाही, पोराचाही नाही. दोघांची ओळखच झालेली नसते. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रं मांडली. त्यातली दोन अशी : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. मोठ्या माणसांचं काम ही सोयरीक जुळवण्याचं. ते सोलापुरात राहून कसं जमवायचं, तेवढंच खाली सांगतो.

पहिली पायरी : आधी पोर बघा, पुस्तक नंतर

आठवडाभर पुस्तकाचं नाव काढू नका. नुसतं लक्ष ठेवा. कशाबद्दल बोलायला लागलं की पोर थांबत नाही? रस्त्यात जेसीबी चालू दिसला की शाळेला उशीर झाला तरी बघत उभं राहतं का? आजीकडून भुताच्या गोष्टी काढून घेतं आणि मग रात्री बाथरूमला एकटं जात नाही, असं आहे का? कशावर हसतं, कशाला घाबरतं, मित्रांवर रुबाब मारताना कुठली माहिती फेकतं? आणि भांडताना कोणत्या भाषेत भांडतं? शेवटचा प्रश्न आपल्या गावात फार महत्त्वाचा, त्याच्याकडं पुढं येतोच.

हे सगळं वहीच्या एका पानावर लिहा. दुकानात किंवा वाचनालयात जाताना ‘तिसरीतल्या मुलासाठी चांगलं पुस्तक’ असं न म्हणता ‘मांजरं-कुत्री आवडणाऱ्या, मोठा मजकूर बघून पळणाऱ्या मुलासाठी काही आहे का’ असं विचारा. समोरचा माणूस जाणता असेल तर त्याचा चेहराच बदलतो. त्याला पहिल्यांदा कोणीतरी उत्तर देता येण्यासारखं विचारलेलं असतं.

आपल्याला लहानपणी आवडलेलं पुस्तक पोरावर लादण्याचा मोह आवरा. ‘श्यामची आई’चंच घ्या. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पुस्तक थोर आहे यात वाद नाही, पण दुसरीतल्या पोराच्या हातात देऊन ‘वाच आणि शीक’ म्हणालात तर ते जन्मभर त्या पुस्तकापासून चार हात लांब राहील. पुस्तकाची रचनाच एकेका रात्रीची आहे. तेव्हा रात्री एक आठवण तुम्ही वाचून दाखवा. स्वतःहून वाचायला ते सातवी-आठवीत घेईल, नाहीतर नाही घेणार.

दुसरी पायरी : वाचायची पातळी वेगळी, ऐकायची वेगळी

इथं बहुतेक घरांची गाडी अडते. पोराला जे समजतं ते सगळं त्याला वाचता येतं असं नाही. तिसरीतलं मूल पाचवीच्या पातळीची गोष्ट मन लावून ऐकतं, पण स्वतः वाचताना दुसरीच्या मजकुरावरही अडखळतं. म्हणून एका वेळी दोन पुस्तकं चालू ठेवायची. एक तुम्ही वाचून दाखवायचं, त्याच्या पातळीच्या वरचं. दुसरं त्यानं स्वतः वाचायचं, सोपं, अगदी ‘हे तर बारक्या पोरांचं आहे’ असं वाटावं इतकं सोपं.

मराठीत नव्या वाचकाचा खरा घाम काढतात ती जोडाक्षरं. काना-मात्रा जमलेलं पोर ‘पुस्तक’वर थबकतं आणि ‘आश्चर्य’, ‘कुऱ्हाड’ आलं की पुस्तक मिटतं. त्यामुळं पहिली-दुसरीसाठी पुस्तक चाळताना चित्रांच्या आधी जोडाक्षरं बघा. एका पानावर दोन-तीन असतील तर ठीक. टाईप मोठा, ओळी मोजक्या, शब्दांमध्ये मोकळी जागा हवी. अक्षर चित्रावरच छापलेलं असेल, म्हणजे हिरव्या झाडावर काळी अक्षरं वगैरे, तर ते पुस्तक परत ठेवा. दिसायला झकास असतं, वाचायला छळ.

जरा मोठ्या पोरासाठी बोटांची जुनी युक्ती आहे. पुस्तकाचं मधलं कुठलंही पान उघडून पोराला मनात वाचू द्या. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर हे पुस्तक आत्ता स्वतः वाचायचं नाही, ऐकायचं. एकही बोट मिटलं नाही तर सोपं आहे, तरीही घ्या. सोपं वाचून वेग येतो, आणि वेग आल्याशिवाय मजा येत नाही.

इंग्रजी माध्यमातल्या पोरांचं दुखणं निराळं. घरात फाडफाड मराठी बोलतात, पण देवनागरी एकेक अक्षर लावत वाचतात. पाचवीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक दिलं की त्याचा अपमान होतो. त्याला म्हणा, ‘धाकटीला हे रोज रात्री वाचून दाखवायची जबाबदारी तुझी.’ धाकटी नसेल तर शेजारची असते. लाज वाचते आणि सरावही होतो.

तिसरी पायरी : घरची भाषा आधी

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या घरात शिरलात तर आजी तेलुगू बोलते, बाबा कारखान्यावर मराठी-हिंदी, पोर शाळेत मराठी नाहीतर इंग्रजी. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला गेलात तर हेच कन्नडमध्ये. उर्दू शाळेत जाणारी पोरं गल्लीत खेळताना चार-चार भाषा फिरवतात. आणि तरी ‘घरात तेलुगू बोलू नका, मराठी कच्चं राहील’ असा सल्ला अजून दिला जातो. मला तो अजिबात पटत नाही. ज्या पोराला एका भाषेत भरपूर गोष्टी ठाऊक असतात, त्याला दुसऱ्या भाषेतली गोष्ट लवकर कळते. राजा, राक्षस, हुशार कोल्हा, पुढं काय होणार याचा अंदाज, हे सगळं डोक्यात आधीच असतं. नवीन फक्त शब्द असतात.

म्हणून पहिलं काम अव्वाला, म्हणजे तेलुगू आजीला, कामाला लावायचं. ‘अनगनगा ओक राजू’ (एक होता राजा) म्हणून ती सुरुवात करते आणि पोर पाय पोटाशी घेऊन बसतं. मराठी आजीच्या ‘आटपाट नगर होतं’ला जे मोल, तेच याला. तिला लिहिता-वाचता येत नसेल तरी बिघडत नाही. पोराला सांगा, अव्वानं सांगितलेली गोष्ट आपण मराठीत वहीत उतरवू, चित्रं तू काढ. चार पानांचं घरचं पुस्तक तयार होतं. पाहुणे आले की ते पोर आधी तेच पुस्तक दाखवायला आणतं.

दुसरं काम मोबाईलवर होतं. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ नावाचं संकेतस्थळ आहे. तिथं तेच चित्र-गोष्टीचं पुस्तक मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा अनेक भाषांत मिळतं. पुस्तकांना सोपं ते अवघड अशा चार पातळ्या लावलेल्या आहेत. सगळं मोफत, उतरवून छापायचीही मुभा. एक गोष्ट निवडा आणि तिची मराठी नि तेलुगू प्रत झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्या. कागद आडवा, एका बाजूला दोन पानं, मध्ये दुमडून दोन पिना. रंगीत छपाई महाग पडते, तर काळी-पांढरी काढा आणि रंगपेटी पोराच्या हातात द्या. तेलुगूची लिपी घरात कोणालाच येत नसेल तर मराठी प्रत समोर ठेवून तेलुगूत सांगा. चित्रं सारखीच आहेत, अडत नाही.

चेन्नईचं तुलिका प्रकाशनही मराठी, कन्नड, तेलुगूत चित्रपुस्तकं काढतं. काही पुस्तकांत एकाच पानावर इंग्रजी आणि दुसरी भाषा शेजारी-शेजारी असते. इंग्रजी शाळेतल्या पोराला ती बरी पडतात.

चौथी पायरी : पुस्तकं आणायची कुठून

आधी वाचनालय. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालापासून आहे. त्याखाली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं अनुदानावर चालतात, अगदी तालुक्याच्या आणि खेड्यांच्या ठिकाणीही. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, शासकीय जिल्हा ग्रंथालय आहे, आणि बऱ्याच पेठांमधून लहान वाचनालयं आहेत. सहसा अर्ज, ओळखपत्र, थोडी अनामत आणि महिन्याची वर्गणी एवढंच लागतं. शक्य असेल तिथं कार्ड पोराच्या नावावर काढा. ते कार्ड खिशात घालून फिरण्यात काय ऐट असते ते बघाच.

काही ठिकाणी बालविभागाचं कपाट कुलपात असतं आणि पुस्तक मागून घ्यावं लागतं. मुलाला मागता येत नाही, कारण आत काय आहे तेच त्याला माहीत नसतं. अशा वेळी वाद घालू नका. नम्रपणे म्हणा, ‘काका, दहा मिनिटं याला कपाटासमोर बसू द्या, मी इथंच उभा आहे.’ दोन-तीन वेळा गेलात आणि पुस्तकं वेळेवर, न फाडता परत दिलीत की काका स्वतःच किल्ली काढून देतात.

विकत घ्यायचं तर नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालिकेतली पुस्तकं खिशाला परवडतात. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत एका संध्याकाळी पाळणे आणि भजी-पावावर जेवढे जातात, तेवढ्यात यातली चांगली दोन-चार येतात. पाळणे बंद करा असं म्हणत नाही, तेही हवेत. जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाचा ग्रंथोत्सव भरतो. तिथं पोराला ठरावीक रक्कम हातात देऊन एकटं सोडा. ते काहीतरी भयंकर पुस्तक उचलेल, भुताचं, चमचमतं, वाईट छपाईचं. उचलू द्या.

मासिकं विसरू नका. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 मध्ये सुरू झालं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. त्यातलं पन्नास वर्षांपूर्वीचं एखादं पान मोबाईलवर मोठं करून आजोबांना दाखवा, पुढचा अर्धा तास तेच वाचून दाखवतील. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं ‘छात्र प्रबोधन’ सातवीच्या पुढच्यांसाठी चांगलं. ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक दरवर्षी घेण्यासारखा. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर विज्ञान-खेळण्यांबरोबर मराठीतली शेकडो पुस्तकंही फुकट आहेत. हाताला सतत काहीतरी उद्योग लागणाऱ्या पोराला तिथून सुरुवात करून द्या. आधी खेळणं करेल, मग ते कसं चालतं ते वाचेल.

आणि रद्दीचं दुकान. एप्रिल-मेमध्ये, परीक्षा संपल्या की, लोक कपाटं रिकामी करतात. किलोच्या भावात सुंदर पुस्तकं येतात. दुकानदाराला आधी सांगून ठेवा, ‘मामा, बाळपुस्तकं, किशोर, दिवाळी अंक आले की बाजूला काढा.’ गठ्ठा समोर आला की शेवटचं पान आधी बघायचं. जुन्या पुस्तकांचा शेवटचा फॉर्म, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, निसटलेला असतो, आणि भुताच्या गोष्टीचा शेवट नसेल तर पोर तुम्हाला माफ करणार नाही. मग कणा हलवून बघा, पानं सुटतायत का. कसरीनं खाल्लेल्या बारीक नागमोडी वाटा दिसल्या तर घरी आणल्यावर पुस्तक उभं उघडून अर्धा-एक तास उन्हात ठेवा. आपलं ऊन कडक आहे, दिवसभर ठेवलं तर कागद पिवळा पडून कडकडीत होतो. शब्दकोडं आधीच सोडवलेलं असेल तर ते खोडरबरानं पुसायला पोराला बसवा. त्यातही मजा येते त्यांना.

पाचवी पायरी : पहिली फळी

याद्या मला फारशा आवडत नाहीत. तरी सुरुवातीला हाताशी काही नावं हवीत म्हणून सांगतो, वयापेक्षा भूक बघून वापरा.

अगदी लहानांना माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’. त्यातली घरातली माणसं आपल्याच घरातली वाटतात आणि चित्रांत बघायला इतकं आहे की वाचता न येणारं पोरही तासभर रमतं. कविता तर विंदा करंदीकरांच्या. ‘एटू लोकांचा देश’, ‘राणीची बाग’ मोठ्यानं म्हणायच्या, हातवारे करून. अर्थ विचारायचा नाही. पाडगावकरांच्या ‘सुट्टी एक्के सुट्टी’चंही तसंच.

स्वतः वाचू लागलेल्या, खोडकर पोराला दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ द्या. धावपळ, चोर, सायकल हवी असेल तर भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे. यातला कुठलाही भाग आधी वाचला तरी चालतो आणि एक संपला की दुसरा मागितला जातो. मालिका हा वाचक घडवण्याचा हुकमी रस्ता आहे, पोर पात्राला भेटायला परत येतं. पुढं रहस्याची चटक लागली की सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादात मिळतो.

शाळेचा कंटाळा येणाऱ्याला ‘तोत्तोचान’. जपानमधल्या आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेची ही खरी गोष्ट मराठीत चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी आणली आहे. प्रयोग, झाडं, माती यांत रमणाऱ्याला वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. आणि ज्याला अजून काय आवडतं तेच कळलेलं नाही त्याला ‘वाचू आनंदे’चे भाग. माधुरी पुरंदरे यांनी मराठीतले निवडक उतारे आणि चित्रं एकत्र गुंफली आहेत. त्यातून पोर आपल्या चवीचा लेखक शोधून काढतं.

व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेश आपल्या सांगोल्याला लागून आहे. आठवी-नववीतल्या पोराला ‘माणदेशी माणसं’तलं एखादं व्यक्तिचित्र वाचून दाखवा. ‘आपल्यासारखं बोलतात की ही माणसं’ हे ऐकायला मिळेल. पुस्तकातली भाषा नेहमी पुण्याचीच असते असा आपल्याकडच्या पोरांचा समज असतो, तो इथं मोडतो.

गावातूनही पुस्तकात शिरता येतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, 1910 चा जन्म. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथंच वारले. त्यांचं स्मारक भैय्या चौकात आहे. आधी पोराला तिथं घेऊन जा, घर बघू द्या, मग चरित्र द्या. हाच क्रम चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांबाबत. इंग्रजांनी 1930 मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉची, म्हणजे लष्करी कायद्याची, गोष्ट पुतळ्यासमोर उभं राहून सांगितली की पोर स्वतः विचारतं, ‘पुढं?’ पाखरांचं वेड असेल तर मारुती चितमपल्ली. 1932 मध्ये सोलापुरात जन्मलेला हा माणूस जन्मभर जंगलात राहिला आणि 2006 च्या इथल्याच साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्यांच्या ‘पक्षी जाय दिगंतरा’मधली दोन-तीन पानं वाचा आणि रविवारी बार्शी रस्त्यानं नान्नजच्या माळरानाकडं जा. माळढोक दिसेल याची खात्री आता कोणी देत नाही, पण काळवीट आणि चंडोल दिसतात, तेवढं पुरतं.

सहावी पायरी : मोठ्यानं वाचून दाखवणं

सगळ्या पायऱ्यांमध्ये एकच करायची असेल तर ही करा. पोर वाचायला शिकलं की आई-बाबा वाचून दाखवणं बंद करतात. खरं तर तेव्हाच त्याला जास्त गरज असते, कारण स्वतः वाचताना त्याचा सगळा जीव अक्षरं लावण्यात जातो. पाचवी-सहावीपर्यंत चालू ठेवा. मुलगा मिसरूड फुटेपर्यंत ऐकत असेल तर आणखी उत्तम.

आधी स्वतः एकदा वाचून ठेवा. कुठं थांबायचं ते ठरतं. चित्रपुस्तक असेल तर मांडीवर आडवं न धरता छातीशी धरून पोरांकडं तोंड करा आणि मजकूर बाजूनं तिरकं बघत वाचा. सुरुवातीला मान अवघडते, सवय होते. मुखपृष्ठ दाखवून लेखक नि चित्रकार दोघांची नावं सांगा. चित्र कोणीतरी काढलेलं असतं हे पोरांना सांगावं लागतं.

मग सावकाश. आपण फार भरभर वाचतो. आमच्या गल्लीतल्या शनिवारच्या वाचनात एक मुलगी आहे, पहिलीतली. गोष्ट सुरू झाली की सरकत सरकत पुढं येते आणि पान उलटायला लागलं की पानावर हात ठेवते. ‘थांब की!’ तिचं बोट चित्रातल्या पलंगाखाली असतं. तिथं एक उंदीर असतो, जो मजकुरात कुठंच नाही आणि जो मला दिसलेलाही नसतो. मग सगळी पोरं पुढच्या प्रत्येक पानावर उंदीर हुडकतात. गोष्ट थोडी बाजूला पडते, पडू दे. मागं एकजण पतंगाला मंगळसूत्र, म्हणजे मांजा जोडायचा दोरा, बांधत बसलेला असतो, मान वर न करता. वाचता वाचता मी मुद्दाम नाव चुकवलं की पहिला आवाज त्याचाच येतो : ‘तो नाही बे, दुसरा!’ बघत नाही म्हणून ऐकत नाही असं धरून चालू नका.

आवाज बदलायचा की नाही? जमत असेल तर बदला, नसेल तर नका. नाटकीपणा अंगाशी येतो. पण थांबणं सगळ्यांना जमतं. दार उघडलं, आणि आत… इथं पान उलटण्याआधी श्वासभर थांबा, त्यांना अंदाज करू द्या. अवघड शब्द आला की पाठ्यपुस्तकासारखा अर्थ सांगत बसू नका, वाचता वाचताच सोपा शब्द जोडून पुढं जा. प्रकरण रंगात आलं की तिथंच थांबा. ‘उरलेलं उद्या.’ ओरडा होईल. पुस्तक उशाशी ठेवून दिवा चालू सोडा. कोणीतरी चोरून पुढचं पान वाचतंच.

तेच पुस्तक विसाव्या वेळी मागितलं तरी वाचा. तुम्हाला वीट येतो, त्यांना येत नाही. पाठ झालेल्या पुस्तकावर बोट फिरवता फिरवताच पुष्कळ पोरं वाचायला शिकतात.

वेळ आणि जागा

याबाबत फार सांगण्यासारखं नाही. आपल्याकडं एप्रिल-मेची दुपार ही वाचायची वेळ, देवानंच आखून दिलेली. बाहेर चाळिशीच्या वर पारा, खेळायला सोडता येत नाही. फरशीवर ओलं पुसून चटई टाका, पंख्याखाली पुस्तकांची टोपली ठेवा. कपाटात कणे दिसतात, टोपलीत मुखपृष्ठं दिसतात, आणि पोरं मुखपृष्ठ बघून पुस्तक उचलतात. त्या तासात घरातल्या मोठ्यांनीही मोबाईल बाजूला ठेवून काहीतरी वाचावं, पेपर का असेना. पुण्याला जाताना रेल्वेत चार तास मिळतात, पिशवीत शेंगाचटणी-भाकरीबरोबर एक नवीन पुस्तक टाका आणि दौंड गेल्यावर काढा. कुठं सुट्टीला जायचंच असेल तर पाचगणीजवळचं भिलार बघा. 2017 पासून तिथं घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि कोणीही बसून वाचू शकतं.

जे टाळायचं

पुस्तक संपल्याबरोबर ‘काय शिकलास?’ विचारू नका. सारांश लिहायला लावू नका. ‘दहा पुस्तकं वाच, मग सायकल’ असा सौदाही नको. सायकल मिळाली की वाचन थांबतं. टीव्ही बंद करून शिक्षा म्हणून पुस्तक हातात देणं तर सगळ्यात वाईट. बोलायचंच असेल तर स्वतःचं सांगा, ‘मला तो मामा जरा लबाडच वाटला.’ पोर वाद घालायला येतं. गप्पा तिथून सुरू होतात.

अर्धवट सोडायची मुभा द्या. आपणही सोडतो की. कॉमिक्स, विनोद, क्रिकेटची आकडेवारी, रेकॉर्डांची पुस्तकं, हे सगळं वाचनच आहे. याला नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांना चहा द्या आणि विषय बदला.

पोर अडलंच तर

तिसरी-चौथीत गेलं तरी अक्षरं उलटसुलट वाचतं, ओळ सोडून खालच्या ओळीवर जातं, वाचायला बसलं की डोकं दुखतं म्हणतं. अशा वेळी आळशी म्हणून मोकळं होऊ नका. पहिल्यांदा डोळे तपासा. नंबर निघाला की प्रश्न तिथंच संपला, असंही पुष्कळदा होतं. डोळे ठीक असतील आणि बोलण्यात हुशार पोर वाचण्यात सतत मागं पडत असेल तर वाचन-अक्षमता असू शकते. शाळेमार्फत किंवा बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानं तपासणी करून घ्या, त्यावर खास शिकवण्याच्या पद्धती आहेत. तोवर ऐकणं थांबवू नका. गोष्ट कानातून गेली तरी गोष्टच असते.

नववी-दहावीतली पोरं वाचत नाहीत ही तक्रार वेगळी. त्यांना पुस्तक आई-बाबांकडून आलेलं चालत नाही. मित्राकडून, मामाकडून, ट्यूशनमधल्या दादाकडून यावं लागतं. असा एक दादा हुडकून ठेवा.

गल्लीतली पेटी

एकट्या घरात पुस्तकं कमी पडतात, म्हणून चार-पाच घरांनी मिळून एक पत्र्याची ट्रंक करा. देवळाच्या ओट्यावर, सोसायटीच्या जिन्याखाली, विडी घरकुलासारख्या वस्तीत अंगणवाडीच्या शेजारी, कुठंही चालते. आठवड्याला एक ठरलेली वेळ. पेटी मोठ्यांनी उघडायची, नोंद पोरांनी ठेवायची. वहीत तारीख, पुस्तक, नाव आणि शेवटच्या रकान्यात एक चेहरा : हसरा, रडका किंवा झोपलेला. पुढचा पोरगा पुस्तक निवडताना मुखपृष्ठाआधी ते चेहरे बघतो.

देणगीत गाईड, जुनी पाठ्यपुस्तकं आणि कोणाच्या तरी लग्नात वाटलेली स्तोत्रं येतील. गोड बोलून घ्या आणि परस्पर रद्दीत द्या, पेटीत टाकू नका. दंड ठेवू नका, दंडाच्या भीतीनं पोरगं पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येत नाही. हरवलं तर घरी जाऊन विचारा, बहुतेक वेळा गादीखाली असतं.

खाकी कव्हर घालू नका, सगळी पुस्तकं शाळेची दिसायला लागतात. पारदर्शक प्लास्टिक घाला. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावलीत तर ती वर्षभरात पिवळी पडून सुटते आणि बरोबर अक्षरं घेऊन जाते. पतंगाचा पांढरा पातळ कागद आणि मैद्याची पातळ खळ वापरा, चिमूटभर मोरचूद घातला की झुरळं-कसर येत नाही. मोरचूद विषारी आहे, खळ मोठ्यांनीच करावी आणि लावावी, नंतर हात धुवावेत. कागदाची पट्टी फाटलेल्या जागेवर ठेवायची, बोटानं हवा काढायची, वर-खाली मेणकागद घालून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायचं. पान निसटलं असेल तर कण्याच्या बाजूला जेमतेम काडीएवढी खळ लावा, जास्त लावली की शेजारची पानंही चिकटतात.